रुचाच्या प्रश्नावर

वसई

प्रिय सुभाष,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. औषधांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत रुचाला नोकरी लागली, छानच झालं. पण उंदरांना सुई टोचायची या विचारानेच तिचा जीव कासावीस होतो, असं तू लिहिलंस आणि शेवटी विचारलंस, ‘तुम्हा ख्रिस्ती लोकांचा धर्म याला काय म्हणतो?’ मी फादर नाही, धर्मपंडितही नाही. तरी हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आमच्या कॅथोलिक चर्चने १९९२ साली काढलेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत शिकवणुकीत, परिच्छेद २४१७ मध्ये याचं उत्तर आहे. प्राण्यांवरचे वैद्यकीय प्रयोग नीतीला धरून आहेत, पण ते वाजवी मर्यादेत असले आणि त्यांतून माणसांची शुश्रूषा होत असली किंवा जीव वाचत असले तरच. लगेच पुढच्या परिच्छेदात म्हटलं आहे की प्राण्यांना गरज नसताना यातना देणं किंवा मारणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आमचे बहुतेक लोक ‘मुभा आहे’ एवढंच ऐकतात आणि उठतात. देवाने आदामाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली, हे सगळ्यांना पाठ. पण बायबलमधल्या योना या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट बघ. निनवे नगरीचा नाश का करू नये, हे देव योनाला सांगतो तेव्हा तो आधी तिथली एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं मोजतो आणि मग म्हणतो, शिवाय पुष्कळ गुरंढोरंही. तिथेच पुस्तक संपतं. दया दाखवण्याच्या कारणांत देवाने गुरं धरली आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

हा विचार काही आजचा नाही. १८४२ साली इंग्लंडात जॉन हेन्री न्यूमन यांनी ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाविषयी प्रवचन केलं. ते तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे पाळक होते, पुढे कॅथोलिक झाले, कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू झाले आणि २०१९ मध्ये संत. ख्रिस्ताच्या वेदनेची कल्पना यावी म्हणून त्यांनी मुक्या जनावरांच्या छळाची आठवण करून दिली आणि त्यात निव्वळ कुतूहलापोटी प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांचंही नाव घेतलं. येशूला आम्ही देवाचं कोकरू म्हणतो. जो कोणाचं वाईट करत नाही आणि ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, त्याला छळणं किती भयंकर, हे त्यांना ऐकणाऱ्यांच्या मनाला भिडवायचं होतं. पुढे इंग्लंडातलेच कॅथोलिक कार्डिनल मॅनिंग आणि प्रोटेस्टंट समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी हे दोघे, एरवी धर्माच्या बाबतीत दोन टोकांना असलेले, जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध एकत्र उभे राहिले. १८७६ साली ब्रिटनमध्ये अशा प्रयोगांना परवाना सक्तीचा झाला.

आता माझं मत. मी सरसकट ‘नको’ म्हणणाऱ्यांतला नाही, आणि त्याचं कारण साप आहे. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली. भातकापणीला गेलेल्या बाईला घोणस चावली तर वाचवणारं औषध एकच, आणि ते घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्याला आधी अगदी थोडं आणि मग वाढवत वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिपिंडं तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेत वर्षानुवर्षं हे काम झालं आहे. पुढचा टप्पा जास्त अवघड. तयार औषध किती जोरकस आहे ते उंदरांवर तपासतात. विष आणि औषध एकत्र करून उंदरांना देतात आणि किती मात्रेला निम्मे उंदीर जगतात ते पाहतात. उरलेले निम्मे मरतात, तेही विषाने. त्या बाईच्या उशाशी बसलेल्या नवऱ्याला ‘हे औषध घेऊ नकोस’ असं मी सांगू शकत नाही. पण त्या उंदरांचं मरण हिशेबात धरायचंच नाही, हेही मला मान्य नाही.

सौंदर्यप्रसाधनांचं मात्र वेगळं. सशाला मान हलवता येऊ नये असं अडकवून त्याच्या डोळ्यांत शांपूचा थेंब टाकायचा, याला कुठल्याही वचनाचा आधार नाही. भारतात २०१४ पासून त्यावर बंदी आहे, हे फार चांगलं झालं. औषधांच्या बाबतीतही २०२३ च्या नियमबदलाने माणसाच्या पेशींवर आणि चिपवर वाढवलेल्या ऊतींवर केलेल्या चाचण्यांना जागा मिळाली. पर्याय तयार झाला की जुनी चाचणी ‘गरजेची’ राहत नाही, आणि मग कॅटेकिझमची मुभाही राहत नाही. आमच्या मिशन हॉस्पिटलांनी आणि कॉलेजांनी हे ठासून सांगायला हवं. ते गप्प बसतात तेव्हा मला खरंच राग येतो.

रुचाने नोकरी सोडू नये, असं मला वाटतं. जिचा जीव कासावीस होतो, तिचेच हात त्या पिंजऱ्यापाशी असावेत. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते आणि तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. प्रस्ताव आला की रुचाने विचारावं: उंदीर इतकेच का, कमी का नाहीत? वेदनाशामक कधी देणार? कुठल्या अवस्थेला प्रयोग थांबवणार? त्या समितीत विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाण असलेला एक सदस्यही असावा लागतो. अशा जागांवर आमच्यातली माणसं जायला हवीत, हे मी आमच्या फादरांपाशी बोललो आहे. मला बोलावलं तर मीही जाईन.

रुचाला हे पत्र वाचायला दे आणि रविवारी दुपारनंतर मला फोन करायला सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रेमंड