मराठवाड्यातल्या पतंगांच्या नोंदीसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

गेल्या पोळ्याच्या रात्री येडशीजवळ, रामलिंग घाटाच्या अभयारण्याबाहेरच्या एका शेतात, दोन बाभळींच्या मधे आम्ही जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं आणि त्यापुढं दिवा लावला. अवसेची रात्र, चंद्र नाही. अशा काळोखातच पतंग दिव्यावर भरपूर येतात. तासाभरात धोतर ठिपक्याठिपक्यांनी भरून गेलं.

अकराच्या सुमाराला एक मोठा पतंग येऊन बसला. पाठीवर कवटीसारखी खूण, पोटाला पिवळे पट्टे. तिळावर बोटाएवढी जाड, शेपटाकडं वाकडं शिंग असलेली अळी तुम्ही पाहिली असेल, तिचाच हा पतंग. एका पोरानं अलगद उचलला तर चक्क चिरकला! रात्री मोहळात शिरून मध पिणारा तो हाच. साडेअकराला आमची बॅटरी संपली. कितीतरी मोठे पतंग मध्यरात्रीनंतर येतात, आणि आम्ही मात्र अंधारात धोतर गुंडाळत होतो. ती हळहळ अजून गेलेली नाही.

भारतात फुलपाखरांच्या जाती 1,300 च्या आसपास, तर पतंगांच्या 10 हजारांहून जास्त. जॉर्ज हॅम्पसन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं 1892 ते 1896 या काळात भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले, तेव्हापासून नोंदी होत आल्या. पण अभ्यासकांचे पाय वळतात ते बहुतेक हिमालयाकडं, ईशान्येकडं आणि सह्याद्रीकडं. वीतभर पंखांचा अॅटलस पतंग सह्याद्रीतला, टसर रेशमाचा पतंग विदर्भातल्या ऐन-अर्जुनाच्या रानातला, हे लोकांना ठाऊक असतं. आपल्याकडचं काय? बोंडअळी आणि लष्करी अळी, एवढीच ओळख. वास्तविक पिकाचं नुकसान करणाऱ्या जाती थोड्या. बाकीचे पतंग रात्री फुलांचं परागीभवन करतात, वटवाघळांचं पोट भरतात, आणि त्यांच्याच अळ्या चिमण्या पिलांना भरवतात. बालाघाटच्या माळावर, गौताळ्याच्या डोंगरात, किनवटच्या सागवानात वेगवेगळे पतंग असणार, कारण अळीला लागणारं झाड जागोजागी वेगळं. ते कागदावर आणायचं तर तिथं जाऊन रात्री काढाव्या लागतील.

यंदा दिव्याच्या अवसेपासून पोळ्यापर्यंत आठही जिल्ह्यांत किमान एकेक रात्र बसायचं ठरवलं आहे. त्यासाठी रात्रभर टिकतील अशा दोन बॅटऱ्या, अतिनील दिवे, जवळून फोटो काढायची एक लेन्स आणि गाडीच्या डिझेलचा खर्च हवा. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर जुनं पांढरं धोतर किंवा चादर द्या, एका रात्रीपुरता शेताचा बांध द्या, सोबतीला या. पतंग मारून टाचायचे नाहीत. फोटो काढून सोडून द्यायचे.

आणि हे तर घरबसल्या होईल: ओट्यावरच्या दिव्याखाली, कण्हेरीवर, तिळात पतंग किंवा अळी दिसली तर फोटो काढा, गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. शिक्षकांनी शाळेतल्या पोरांना हे काम जरूर द्यावं, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

मदत आणि नोंदी गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत स्वीकारू. दिव्याच्या अवसेच्या आठ दिवस आधी बॅटऱ्या आणायच्या आहेत, तेवढं ध्यानात असू द्या.

आपले,
निसर्ग मंडळाचे कार्यकर्ते, येडशी