गोमुखला जायच्या आधी हे वाच

अबे भाऊ,

गोमुखचं, म्हणजे गंगोत्री ग्लेशिअरच्या (हिमनदीच्या) टोकाशी जायचं, पक्कं झालं म्हणे, मस्त. तू विचारलं होतं ना की एवढा दगडासारखा बर्फ सरकतो तरी कसा, ते फोनवर धड सांगता येत नाही म्हणून लिहून राहिलो, निवांत वाच.

पहिले हे डोक्यातून काढ की ग्लेशिअर म्हणजे गोठलेली नदी. पाणी गोठून तो बनतच नाही. वर हिवाळ्यात पडलेला सगळा बर्फ उन्हाळ्यात वितळत नाही, उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, त्यावर अजून एक थर, असं वर्षानुवर्षं चालतं. ताज्या भुसभुशीत बर्फात तर बहुतेक हवाच असते, ती वरच्या वजनाने दबून निघत जाते, मग त्याचे जाड दाणे होतात (ह्याला फर्न म्हणतात) आणि शेवटी टणक निळसर बर्फ.

हा थर साधारण 50 मीटर जाड झाला की खालचा बर्फ स्वतःच्याच वजनाने, न तुटता, उताराकडे वाहायला लागतो. वरचा भाग मात्र कडकच राहतो म्हणून तो तडकतो, त्या भेगा. ताजा बर्फ पडला की त्या झाकल्या जातात, म्हणून तिथे गाईड सांगेल तसंच चाल, जास्त होशियारी मारू नको. आणि जिथे बुडाशी पाणी असतं तिथे अख्खा ग्लेशिअरच घसरतो. 1840 च्या दशकात लुई अगासीने स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर सरळ ओळीत खांब रोवले होते, नंतर बघतो तर मधले खांब पुढे गेलेले अन् कडेचे मागे राहिलेले! वेग म्हणशील तर वर्षाला काही मीटर ते काही शे मीटर, पण काराकोरममधला कुटिया ग्लेशिअर 1953 साली तीनेक महिन्यात 12 किलोमीटर पळाला होता.

आणि बातम्यांमध्ये सांगतात ना, गंगोत्री मागे हटला, तर बर्फ कधीच उलटा चालत नाही बे. तो पुढेच येत राहतो, फक्त येतो त्यापेक्षा जास्त वितळतो म्हणून टोक मागे जातं.

जाताना हर्सिलची दरी नीट बघ, किती रुंद आहे. नुसत्या नदीने कोरली असती तर अरुंद, इंग्रजी व्ही सारखी झाली असती, पण बर्फ कडांनाही घासतो म्हणून तळ रुंद होतो. बर्फाच्या पोटात अडकलेले दगड खालच्या खडकावर पॉलिश पेपर घासावा तसे फिरतात, त्याची पीठासारखी बारीक भुकटी होते, भागीरथीचं पाणी तिथे दुधाळ दिसतं ते त्यामुळेच. आणि जे दगड-माती बर्फ वाहून आणतो आणि कडेला, तोंडाशी टाकून देतो ते ढिगारे म्हणजे मोरेन.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते. हे बघायला हिमालयातच जावं लागते असं काही नाही! आपल्या चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या काठी इरई गाव आहे (इरई धरण नाही, गाव), तिथे 1870 च्या दशकात भूगर्भ सर्वेक्षणवाल्या फेडनला चुनखडीचा गुळगुळीत झालेला, ओरखड्यांनी भरलेला खडक सापडला, आणि त्याच्यावर लहानमोठ्या गोट्यांचा थर, तालचीर म्हणतात त्याला. हे सगळं बर्फाचं काम, जवळपास 30 कोटी वर्षांपूर्वीचं, तेव्हा आपला भाग गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडात होता, दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर पाय ठेववत नाही तिथे! मला तरी हे गोमुखपेक्षा भारी वाटते. बर्फ गेला, मग दलदली झाल्या, जंगलं वाढली, गाडली गेली, आणि तोच कोळसा आज वर्धा खोऱ्यातल्या खाणींमधून निघून राहिला.

परत आला की दिवाळीनंतर थंडीत जाऊ इरईला, पाणी कमी असते तेव्हा. गाडी तू काढ, सावजी माझ्याकडून.

तुझाच

ता.क. मोरेनवरून चालताना दगड हलतात, ते नवे बूट आत्तापासूनच अंबाझरीला घालून फिर.