बोनेरच्या डायव्हिंग सहलीचं बेजबाबदार नियोजन : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (आंतरराष्ट्रीय सहली)

विषय : कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटावरील 'स्वतंत्र शोअर डायव्हिंग' (बोटीशिवाय, किनाऱ्यावरून पाण्यात उतरून केलेलं स्कूबा डायव्हिंग) पॅकेजमधील गंभीर चुका आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या तक्रारीला तुमच्या विभागाने पाठवलेलं तीन ओळींचं उत्तर मिळालं. 'ग्राहकाने शेवटच्या दिवशीचे दोन डायव्ह स्वेच्छेने केले नाहीत, सबब परतावा देय नाही,' असं लिहून तुम्ही प्रकरण मिटवलंत. ते दोन डायव्ह मी आणि माझ्या पत्नीने केले असते तर हे पत्र लिहायला धडधाकट परत आलो असतो का, हा प्रश्न तुमच्या विभागात कुणाला पडलेला दिसत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा दिवस असा आहे : सकाळी नाश्ता, त्यानंतर दोन डायव्ह, दुपारी हॉटेल सोडणे, संध्याकाळी विमान. पाण्याखाली दाबातली हवा घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी असतो. तो २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली येऊ शकतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे धरण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे सलग काही दिवस डायव्हिंग केलेल्या माणसाने शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, अशी 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेची शिफारस आहे. डायव्हिंगच्या पहिल्याच कोर्समध्ये हे शिकवतात. तुमच्या पत्रिकेत दुसरा डायव्ह आणि विमान यांत जेमतेम सहा तास होते.

हे मी बोनेरहून फोन करून तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. उत्तर आलं, "सर, आमचे बाकीचे क्लायंट्स करतात, आजपर्यंत कुणाची कम्प्लेंट नाही." या वाक्याने मला धीर यायला हवा होता बहुधा. मला उलट त्या बाकीच्या क्लायंट्सची काळजी लागली.

आता मूळ पॅकेजबद्दल. तारकर्लीला किंवा अंदमानात डायव्हिंग म्हणजे बोट, सोबत इन्स्ट्रक्टर, तो सांगेल तेव्हा उडी. बोनेरला जायचं ते नेमकं याच्या उलट कारणासाठी. दुकानातून हवेचे सिलिंडर उचलायचे, गाडीत टाकायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने निघायचं. कडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर त्या त्या जागेचं नाव असतं. आवडेल तिथे गाडी लावा, सामान चढवा आणि जोडीदाराबरोबर चालत पाण्यात शिरा. प्रवाळाचा उतार किनाऱ्यापासून थोडं पोहलं की सुरू होतो. अख्ख्या बेटाभोवतीचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९७९ पासून संरक्षित उद्यान आहे. म्हणजे इथे सोबत कुणी नसतं. जे काही करायचं ते हातातल्या नियोजनाच्या भरवशावर. तेच नियोजन विकत घेण्यासाठी आम्ही तुमच्याकडे आलो होतो आणि त्याचे 'एक्स्पर्ट क्युरेशन' या नावाखाली तुम्ही वेगळे पैसे घेतलेत.

त्या नियोजनाचं काय झालं ते सांगतो. बेटाची राजधानी क्रालेंडाइकमधल्या डायव्ह शॉपच्या काउंटरवर मी तुमची पत्रिका ठेवली. तिथल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागद सरळ केला आणि बॉलपेन घेऊन एकेक ओळ खोडायला लागल्या. रागावून नाही, अगदी शांतपणे, शाळेतल्या बाई वही तपासतात तशा.

पहिली काट : उतरल्याच्या संध्याकाळी रात्रीचा डायव्ह. उद्यानाच्या नियमानुसार आधी माहितीसत्र आणि त्यानंतर डायव्ह शॉपसमोरच्या पाण्यात एक चाचणी डायव्ह केल्याशिवाय कुणालाही कुठेही उतरता येत नाही. दुसरी काट : टाउन पिअरला 'आपल्या सोयीने' डायव्ह. तो चालू धक्का आहे, तिथे परवानगी आणि स्थानिक गाइड लागतो. तिसरी : क्लाइन बोनेरला शोअर डायव्ह. ते समोरचं निर्जन बेट आहे, तिथे पोचायलाच बोट लागते आणि बोटीचे पैसे पॅकेजमध्ये नव्हते.

चौथी काट मला सगळ्यात बोलकी वाटली. डायव्हिंगच्या दोन जागांबद्दल तुम्ही लिहिलं होतं : सकाळी कार्पाटा, तिथून पाच मिनिटं मागे येऊन थाउजंड स्टेप्स. नकाशावर ते दिसतं तसंच. पण उत्तरेकडचा तो किनारी रस्ता थाउजंड स्टेप्सच्या पुढे एकेरी आहे. कार्पाटाला जाता येतं, त्याच रस्त्याने परत येता येत नाही. रिंकोन गावावरून बेटाला वळसा घालावा लागतो. तिथे एकदाही गेलेल्या माणसाच्या हातून ही चूक होणं शक्य नाही.

पाचवी काट माझ्या जिवाशी संबंधित होती. हिल्मा हूकर हे ७० मीटरहून लांब मालवाहू जहाज. त्यावर गांजा सापडला, ते जप्त झालं आणि सप्टेंबर १९८४ मध्ये तिथेच बुडालं. आता ते सुमारे ३० मीटरवर कुशीवर आडवं पडलेलं आहे, आणि त्याची वरची बाजूच १८ मीटरच्या आसपास सुरू होते. माझ्या पत्नीचं प्रमाणपत्र ॲडव्हान्स्डचं आहे, माझं साधं ओपन वॉटरचं, ज्याची मर्यादा १८ मीटर. दोघांच्या कार्डांच्या प्रती बुकिंगच्या वेळी तुम्ही आग्रहाने मागून घेतल्या होत्या. कशासाठी? फाइलला लावायला? तुमच्या पत्रिकेत 'हिल्मा हूकर : दोघेही' असं स्वच्छ छापलेलं आहे.

शेवटच्या दिवसापाशी आल्यावर बाईंनी काट मारली नाही. त्या ओळीभोवती गोल केला, बाजूला फक्त '१८' लिहिलं, म्हणजे विमानाआधीचे १८ तास, आणि माझ्याकडे बघितलं. तो कागद जपून ठेवला आहे, त्याची प्रत सोबत जोडतो.

सामानाची यादी हा आणखी एक नमुना. तुम्ही 'खडकाळ किनाऱ्यासाठी आवश्यक' म्हणून आम्हाला डायव्हिंगचे हातमोजे विकलेत. या उद्यानात हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातात मोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळाला धरतो. जे खरोखर आवश्यक होतं, म्हणजे जाड तळाचे बूट आणि मागून उघडे पट्ट्याचे फिन्स (पोहताना पायात चढवायचे पंखे), त्याचा यादीत पत्ताच नाही. तुम्ही भाड्याने दिलेले फिन्स अनवाणी पायावर चढवायचे. तुटक्या प्रवाळांच्या तुकड्यांवरून, पाठीवर सिलिंडर घेऊन, लाटा पायाशी येत असताना अनवाणी चालून बघा एकदा. आम्हाला दोन्ही गोष्टी तिथे नव्याने भाड्याने घ्याव्या लागल्या. २०२३ पासून तिथल्या प्रवाळांना ऊती गळवणारा रोग लागला आहे आणि त्यामुळे सामान निर्जंतुक करायला सांगतात, हेही तुमच्या यादीत नव्हतं, दुकानात कळलं.

गाडीबद्दल थोडक्यात. पॅकेजमध्ये 'डबल कॅब पिकअप' लिहिलं होतं. मिळाली एक छोटी हॅचबॅक. बोनेरला सगळे पिकअप का घेतात, तर एकेक सिलिंडर चौदा-पंधरा किलोचा असतो आणि तुम्ही दिवसभर खाऱ्या पाण्याने निथळत आत-बाहेर करत असता. आम्ही चार सिलिंडर मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवले. प्रत्येक वळणावर ते एकमेकांवर आपटायचे. डाव्या बाजूला बसून उजव्या हाताने गिअर टाकायची सवय लावून घेत होतो, रस्त्यात गाढवं उभी, त्यात हा घंटानाद. बेटावर सिग्नल एकही नाही हीच काय ती कृपा. सीट भिजल्याबद्दल भाडेवाल्याने अनामत कापली आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे आम्ही स्वखर्चाने पिकअप घेतली. 'मौल्यवान वस्तू गाडीत लॉक करून ठेवा' हा तुमचा सल्लाही तिथे कुणी ऐकून घेईना. गाडीत काहीच ठेवायचं नाही आणि काचा उघड्या सोडायच्या, नाहीतर चोर काच फोडून बघतो, ही तिथली रीत.

आता पैशांचा आणि व्हिसाचा भाग. या दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे : बोनेर म्हणजे नेदरलँड्स, म्हणजे युरोप. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेर ही नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे हे खरं. पण तिथे २०११ पासून चलन अमेरिकी डॉलर आहे आणि ते बेट शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. तुम्ही आम्हाला बोनेरच्या खर्चासाठी युरो घ्यायला लावलेत आणि ते तिथे बदलताना नुकसान सोसावं लागलं. हे एक वेळ सोडून देऊ. व्हिसाचं सोडता येणार नाही.

जाताना दोन रात्री ॲमस्टरडॅम, मग बोनेर, येताना पुन्हा दोन रात्री ॲमस्टरडॅम, असा तुमचाच बेत. त्यासाठी तुम्ही अर्ज केलात एकाच प्रवेशाच्या शेंगेन व्हिसाचा. पासपोर्ट हातात आल्यावर पत्नीने लगेच विचारलं होतं. लेखी उत्तर आलं : 'मॅडम, बोनेर इज पार्ट ऑफ नेदरलँड्स, नो इश्यू.' बोनेरच्या विमानतळावर परतीच्या चेक-इनला इश्यू निघाला. ॲमस्टरडॅमहून बोनेरला निघताना आम्ही शेंगेनमधून बाहेर पडलो होतो, एकमेव प्रवेश वापरून झाला होता. आमच्यामागे रांग थांबलेली, काउंटरवरचा मुलगा पासपोर्टची पानं पुढेमागे करतोय, आणि तुमचा 'चोवीस तास हेल्पलाइन' नंबर वाजून वाजून बंद होतोय. अखेर जादा पैसे भरून पुढची तिकिटं बदलली आणि ॲमस्टरडॅमच्या ट्रान्झिटमध्ये बसून थेट मुंबईला आलो. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलचे दोन रात्रींचे पैसे बुडाले ते वेगळेच.

'सर्व कर व शुल्क समाविष्ट' हे तुमच्या माहितीपत्रकातलं वाक्य ठळक अक्षरात आहे. प्रत्यक्षात बेटाचा प्रवेशकर प्रत्येकी ७५ डॉलर आणि समुद्री उद्यानाचं वार्षिक शुल्क प्रत्येकी ४० डॉलर, असे दोघांचे मिळून २३० डॉलर आम्ही भरले. उद्यानाच्या शुल्काबद्दल माझी काडीची तक्रार नाही, तिथला समुद्र बघितल्यावर तर मुळीच नाही. पण ते तुम्ही आधीच आमच्याकडून घेतले होते.

जे तुमच्या हातात नव्हतं त्याबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नाही. सॉल्ट पिअर या मिठाच्या धक्क्याला आम्ही डायव्हिंगसाठी गेलो त्या दिवशी मीठ भरायला जहाज लागलं होतं आणि जहाज असताना तिथे उतरू देत नाहीत, ते चालायचंच. तुम्ही ज्या डायव्ह शॉपशी करार केला आहे ती माणसं उत्तम आहेत, आणि सहल पार पडली ती त्यांच्यामुळे.

माझ्या मागण्या अशा : बोनेरला भरलेले २३० डॉलर, गाडीची कापलेली अनामत आणि पिकअपचं भाडं, बदललेल्या तिकिटांचा फरक, न वापरता आलेल्या दोन रात्रींचं हॉटेलभाडं, हातमोज्यांची किंमत, तिथे घ्यावे लागलेले बूट-फिन्स, शेवटच्या दिवसाचे सिलिंडर आणि 'एक्स्पर्ट क्युरेशन'चं संपूर्ण शुल्क परत मिळावं. सर्व पावत्या, व्हिसाबद्दलचा तुमचा लेखी खुलासा आणि खोडलेली कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे.

पैशांआधी मात्र एक गोष्ट ताबडतोब करा. हीच पत्रिका तुमच्या वेबसाइटवर आजही विक्रीला आहे, शेवटच्या दिवसाच्या दोन डायव्हसकट. ती आजच्या आज काढा आणि ज्यांनी बुकिंग केलं आहे त्या प्रत्येकाला १८ तासांचा नियम लेखी कळवा. तसं कळवल्याची प्रत मला हवी आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मी पुण्यात राहतो आणि या कायद्यानुसार तक्रार मला इथेच करता येते. तुमच्या करारातल्या 'न्यायक्षेत्र फक्त मुंबई' या ओळीवर फार विसंबू नका. उत्तर लेखी द्यावं. फोन नको.

आपला,
(सही)
पुणे