आरोग्यमंत्री साहेब, अंगठा हलला नाही म्हणजे सगळंच तुटलं असं नसतं हो

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी रत्नागिरी जिल्ह्यातली. मणक्याला मार लागलेल्या पेशंटची तपासणी अर्धवट होते, त्याबद्दल लिहितेय. गेल्या वर्षी एप्रिलात माझा धाकटा भाऊ हापूसच्या कलमावरून पडला, फांदी मोडली आणि हातातल्या आंबे काढायच्या झेल्यासकट खाली. आमच्याकडे दर सीझनला कुणी ना कुणी पडतंच, कधी आंब्यावरून कधी माडावरून.

मणका गेला, डी-१०, म्हणजे पाठीचा दहावा. रॉड-स्क्रूचं ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली, अंगठा हलव म्हणाले, हलला नाही, फाईलवर लिहिलं कम्प्लीट, म्हणजे इजेच्या खाली काहीच शिल्लक नाही. बाहेर पॅसेजमध्ये आईला म्हणाले, व्हीलचेअर बघा, फिजिओवर पैसे घालवू नका. टाचणीवर माझा राग नाही, जगभर तशीच तपासतात, पिन, कापूस, स्नायूंची ताकद, आणि सगळ्यात शेवटी गुदद्वारापाशी काही कळतंय का ते बघतात, त्यावरच कम्प्लीट की इनकम्प्लीट ठरतं. ती शेवटची तपासणी त्या दिवशी कुणी केलीच नाही, मी बाजूलाच उभी होते.

सात महिन्यांनी त्याला एका मोठ्या शहरात नेलं, तिथल्या मॅडमनी सगळं पहिल्यापासून तपासलं तर गुदद्वारापाशी बोटाचा दाब त्याला कळत होता. पहिल्यापासून कळत होता की नंतर आला हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण तेव्हा बघितलंच नाही ना. मग म्हणाल्या मशीनवर पण बघू, मेंदूचा संदेश पायापर्यंत पोचतो का ते. टाळूवर कॉइल धरली (पायाची जागा मेंदूत तिथेच वर असते म्हणे), नडगीच्या स्नायूवर पट्ट्या चिकटवल्या आणि टक् असा आवाज. चुंबकाचा झटका कवटीतून आरपार जातो, मेंदूत करंट तयार होतो, त्याने उठलेला संदेश मज्जारज्जूतून खाली उतरला तर स्क्रीनवर लहर दिसते, धडधाकट माणसाच्या नडगीला पोचायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. डाव्या पायाला काहीच नाही. उजव्याला पण नाही, मग मॅडम म्हणाल्या पाऊल वर उचलायचा प्रयत्न कर, हललं नाही तरी चालेल, जोर लाव, आणि उशिरा एक बारीकशी लहर आली. भाऊ मला विचारतो, ताई आलं का काय?

मॅडमनी लगेच बजावलं, लहर आली म्हणजे चालणार असं नाही, नाही आली म्हणजे संपलं असंही नाही. पण कुठेतरी एखादा धागा शिल्लक आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नव्हता.

साहेब ही टेस्ट नवीन नाही. इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी १९८५ साली अशी चुंबकाची मशीन करून दाखवली, त्याआधी डोक्याला वीज द्यायचे आणि ती दुखायची. झुरिकच्या बालग्रिस्ट हॉस्पिटलवाल्यांनी १९९० च्या दशकातच मणक्याच्या पेशंटवर ती वापरून पुढे कोण चालेल याचा अंदाज येतो का ते तपासलं. पेशंट शुद्धीवर नसेल, अंगठा हलव म्हटलेलं त्याला कळतच नसेल, तिथे तर ही फारच कामाची. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवतात ते यंत्र), पेसमेकर, फिट्स येतात का, एवढं आधी विचारावं लागतं. अशाच जातीची मशीन शहरातले मानसोपचारवाले डिप्रेशनसाठी वापरतात, अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे, मणक्याच्या पेशंटपर्यंत येत नाही एवढंच.

मुंबईला हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, मान्य. पण पाठीत रॉड घातलेला माणूस आडवा घालून मुंबई-गोवा हायवेने न्यायचा, तो रस्ता तुम्हाला मी काय सांगणार. प्रत्येक विभागात निदान एका सरकारी हॉस्पिटलला ही मशीन आणि ती चालवता येणारा टेक्निशियन द्या, खर्च जन आरोग्य योजनेत धरा, आणि त्याच्याही आधी एक साधा आदेश काढा की पूर्ण तपासणी केल्याशिवाय फाईलवर कम्प्लीट लिहायचं नाही, त्याला तर मशीनपण लागत नाही. मेडिकल कॉलेजं तुमच्या खात्यात येत नाहीत, वैद्यकीय शिक्षण वेगळं, हे मला फोनवर एका साहेबांनी ऐकवलंय, तर तुम्ही दोघं मंत्री आपसात बोलून घ्या.

भाऊ अजून व्हीलचेअरवरच आहे. फिजिओ चालू केलाय, रोज दीड तास. जुन्या फाईलवर कम्प्लीट तसंच आहे, ते बदलून घ्यायला कुठे अर्ज करायचा तेवढं तरी कळवा.

आपली,
एका पेशंटची ताई