नेट नसलं तरी वेळ येते

वसंत विहार, ठाणे

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मशीनची घड्याळं एकेक वेगळी वेळ दाखवतात आणि शाळेपर्यंत नेट पोचत नाही, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून माझ्या डोक्यात तोच विषय आहे. आधी मदरबोर्डवरचे सीआर २०३२ हे नाण्यासारखे चपटे सेल बदल. वीज गेली की तारीख काही वर्षं मागे जाते ती त्यांच्यामुळेच. पण नव्या सेलनंही सगळं भागणार नाही. घड्याळाचा ठेका धरणारा आतला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावायला हवा. त्यात दहा लाखांत वीस इतका फरक असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, महिन्यात जवळजवळ मिनिट. कुठूनतरी खरी वेळ आणायलाच हवी, आणि ती आकाशातून फुकट येते.

शॉर्टवेव्हचा रेडिओ १० मेगाहर्ट्झवर लाव. संध्याकाळनंतर खरखरीतून दर सेकंदाला टिकटिक ऐकू येईल. ते चीनच्या शाआन्शी प्रांतातलं बीपीएम नावाचं, वेळ प्रसारित करणारं रेडिओ केंद्र. दिवसा १५ मेगाहर्ट्झवर बघ. मिनिट सुरू होताना टिक लांबते, तीच आपली खूण. मात्र २५ ते २९ आणि ५५ ते ५९ या मिनिटांत ते पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ देतात, अणुघड्याळाची नाही, तेव्हा ती मिनिटं सोडून दे. १० ते १५ आणि ४० ते ४५ मध्ये टिकाच नसतात, रेडिओ बिघडला असं समजू नकोस. हे वेळापत्रक दर अर्ध्या तासानं फिरतं आणि आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणून मिनिटांचे आकडे इथेही तेच राहतात.

या केंद्राची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या टिका मुद्दाम २० मिलिसेकंद आधी सोडतात. तिथून ठाणे साधारण ४,००० किलोमीटर. सरळ रेषेत आली तर लहर १३ मिलिसेकंदांत पोचेल, आयनोस्फियरवर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून येते म्हणून थोडा जास्त वेळ. म्हणजे टिक आपल्याकडे येते तेव्हाही ती खऱ्या सेकंदाच्या किंचित पुढेच असते. ऐकलेल्या वेळेचा असा हिशेब आपल्याला स्वतः मांडता येतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एक मशीन मुख्य ठरव, त्यावर लिनक्स आणि क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम टाक. क्रोनीत हातानं वेळ देण्याची सोय आहे: मॅन्युअल ही आज्ञा चालू करायची, सेटटाइम या आज्ञेपुढे येणारं मिनिट लिहून ठेवायचं आणि लांब टिकेला एंटर दाबायचं. टिक ऐकून मग दाबलंस तर उशीर होतो. आधीच्या टिकांचा ठेका धरून तिच्याबरोबर दाब. काही दिवसांच्या अंतरानं हे पुन्हा केलंस की ते मशीन किती पुढे-मागे जातं हे क्रोनी स्वतः काढतो आणि मधल्या काळातही चाल सुधारत राहतो. बाकीची मशीनं लॅबच्या नेटवर्कवरून याच्याकडूनच वेळ घेतील.

अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अशाच वेळ देणाऱ्या केंद्राच्या सिग्नलमध्ये १०० हर्ट्झवर वेळेचा कोडही असतो. साउंड कार्डातून तो वाचणारा ड्रायव्हर एनटीपी या क्रोनीसारख्याच वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे, एंटर दाबायलाही माणूस लागत नाही. पण ते केंद्र आपल्याकडे रोज स्वच्छ लागेल याचा भरवसा नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए हे केंद्रही एकेकाळी १० मेगाहर्ट्झवर वेळ द्यायचं. ते बंद पडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. भारतीय प्रमाणवेळ आजही तीच प्रयोगशाळा राखते, पण तुझ्या शाळेसारख्या ठिकाणी ती पोचायला ते केंद्रच हवं होतं.

इथे आमच्या इमारतीत एलईडी दिवे, लिफ्ट आणि चार्जर यांचाच गोंगाट जास्त. टिक नीट ऐकायला मला गच्चीवर जावं लागतं, नाहीतर थेट येऊरच्या डोंगरात. तुमच्याकडे रात्री लॅबचे दिवे बंद केलेस की शांतच असेल. अँटेना म्हणून खिडकीतून झाडापर्यंत आठ-दहा मीटर साधी वायर ताण आणि जवळ लॅपटॉप असेल तर तो बॅटरीवर चालव, त्याचा चार्जरही फार खरखरतो.

माझा जुना रेडिओ पुढच्या आठवड्यात पाठवतो. सेल किती लागतील ते कळव, तेही त्याच खोक्यात टाकतो. आणि नववीच्या मुलांना पहिल्या रात्री नक्की बोलाव. एंटर त्यांच्यापैकीच कुणाला तरी दाबू दे.

तुझा,
अनिल