तक्रार: न विचारता आमच्या यादीतले फोन नंबर बदलल्याबद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: कॉन्टॅक्ट ॲपच्या नव्या अपडेटनंतर सेव्ह केलेले नंबर बिघडल्याबाबत

महोदय / महोदया,

मी साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाचा कारभार पाहतो. तुमच्या ॲपचा वार्षिक प्लॅन आम्ही पैसे भरून घेतला, तो एकाच कारणासाठी. काउंटरवरचा फोन, माझा फोन आणि ऑफिसचा कॉम्प्युटर, तिन्हीकडे एकच यादी राहते. यादीत दीड-दोन हजार नावे आहेत. आचारी, वाढपी, मंडपवाले, गुरुजी, घोडेवाले, सनई-चौघडेवाले आणि दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी. लग्नसराईत आमचे सगळे काम या यादीच्या भरवशावर चालते.

नव्या अपडेटनंतर तुमच्या ॲपने या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक नंबरला हात लावला. नंबर दिसतो कसा एवढेच बदलले असते तर थोडी कुरकुर करून मी गप्प बसलो असतो. तुम्ही नंबरच बदललेत.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजमध्ये झाली. त्यामुळे नेमका घोळ कुठे आहे ते मी स्वतःच बसून शोधले. तुमचे ॲप आधी मोकळ्या जागा, कंस, डॅश, स्वल्पविराम सगळे पुसते. मग शेवटचे दहा आकडे ठेवून पुढचे उडवते, +९१ लावते आणि पाच-पाचचे दोन गट पाडते. आकडे दहापेक्षा कमी असले तर आहेत त्यांनाच +९१ चिकटवते. भारतातल्या मोबाइल नंबरला हे चालून जाते. पण जगात फक्त भारतातले मोबाइलच असतात, असे तुमच्याकडे कोणी ठरवले?

गॅसच्या तक्रारीसाठी ठेवलेला टोल-फ्री नंबर १८०० ने सुरू होणारा, अकरा आकडी. ॲपने पहिला १ उडवला. उरला ८०० पासून सुरू होणारा दहा आकडी नंबर, आणि त्याला +९१ लागल्यावर तो कुणाचा तरी मोबाइल झाला. फोन लावला तर एका गृहस्थांनी उचलला. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले. त्यांचे काही चुकले नाही. न्यू जर्सीच्या एका वधूच्या मामांचा नंबरही असाच गेला. १ हा अमेरिकेचा कोड उडाला, ७३२ हा तिथल्या भागाचा कोड पुढे आला आणि मामा कागदोपत्री भारतात आले. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी विमानाची वेळ विचारायला फोन केला, तर पलीकडे भलताच माणूस.

लँडलाइनची तर दुर्दशा केलीत. साताऱ्याचा कोड ०२१६२ आणि पुढे सहा आकडे. कोल्हापूरचा ०२३१ आणि पुढे सात. पुण्याचा ०२० आणि पुढे आठ. शून्य सोडले तर बेरीज सगळीकडे दहाच होते, पण कोड कुठे संपतो हे गावागणिक बदलते. गावातल्या गावात लँडलाइनवरून लावायचे तर कोड लागतच नाही, नुसते शेवटचे सहा आकडे पुरतात. तुमच्या पाच-पाचच्या हिशेबात साताऱ्याचा नंबर +९१ २१६२२ असा सुरू होतो. म्हणजे कोड आणि नंबरचा पहिला आकडा एका गटात कोंबले गेले. काउंटरवरच्या ताईंनी यातले लावायचे सहा कुठून मोजायचे?

मोबाइल नंबरांपुढचे शून्य आम्ही मुद्दाम ठेवले होते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य फिरवावे लागते. यादीची छापील प्रत ऑफिसच्या लँडलाइनशेजारी भिंतीवर असते, आणि शून्यासकट सेव्ह केलेला नंबर मोबाइलवरूनही बिनबोभाट लागतो. तुम्ही शून्य काढून +९१ लावलेत. लँडलाइनच्या बटणांवर अधिकचे चिन्ह कुठे असते ते कृपया दाखवावे. पुण्याच्या एका सप्लायरच्या ऑफिसच्या मुख्य नंबरपुढे स्वल्पविराम आणि आतल्या फोनचा एक्स्टेन्शन नंबर टाकला होता, म्हणजे फोन लागला की थोडे थांबून पुढचे आकडे आपोआप जावेत. स्वल्पविराम गेला आणि एक्स्टेन्शनचे आकडे नंबरला चिकटले. तो नंबर आता कुठेच लागत नाही.

हे सगळे त्रासाचे झाले, पण निभावले. पुढचे मात्र गंभीर आहे. पहिली पंगत बसलेली असताना एका वयस्कर पाहुण्यांना चक्कर आली. ताईंनी यादीतले ‘ॲम्ब्युलन्स’ हे नाव दाबले. त्याखाली आम्ही १०८ ठेवला होता, तुमच्या ॲपने तो +९१ १०८ केला होता. फोन लागेना. ताई पुन्हा पुन्हा तेच नाव दाबत राहिल्या, कारण स्क्रीनवर नाव बरोबर दिसत होते आणि अशा वेळी नावाखालचे आकडे कोण वाचतो? शेवटी एका वाढप्याने स्वतःच्या फोनवरून हाताने १०८ लावला. पाहुणे सुखरूप आहेत. नसते, तर हे पत्र मी वेगळ्या ठिकाणी पाठवले असते.

तुमच्या ग्राहक सेवेला कळवले, तर उत्तर आले की अनुभव सुटसुटीत व्हावा म्हणून हा बदल केला आहे, ॲप काढून पुन्हा टाका. टाकले. तोवर तुमच्या सर्व्हरवरच्या प्रतीतही बदललेलेच नंबर गेले होते, तेव्हा तीच यादी परत आली. सेटिंगमध्ये ‘नंबर फॉरमॅट’ असा रकाना आहे आणि त्यात ‘ऑटोमॅटिक’ हा एकच पर्याय आहे. एकच पर्याय द्यायचा होता तर रकाना कशाला ठेवलात?

नंबर साठवणे वेगळे आणि दाखवणे वेगळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार देशाच्या कोडासह नंबर जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा असू शकतो. दहाच्या पुढचे उडवणारे ॲप त्यात बसतच नाही. मी टाकलेले आकडे आणि खुणा जशाच्या तशा आत राहू द्या. वर हवे तसे गट पाडून दाखवा, पण ते कसे पाडायचे हे मला ठरवू द्या. आमचे जुने आचारी नंबर जोडीजोडीने सांगतात, ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ असे. मला यादी तशी दिसली तर वाचून पडताळता येते. तुमच्या इंजिनिअरांना पाच-पाच आवडत असतील तर त्यांच्या फोनवर त्यांनी खुशाल ठेवावेत.

अपडेटच्या आदल्या दिवसाची आमची प्रत तुमच्याकडे असलीच पाहिजे. बॅकअपचे पैसे तुम्ही वेगळे घेता. ती जशीच्या तशी परत द्यावी. ‘टाकला तसाच ठेवा’ हा पर्याय द्यावा. १०८, ११२ असे छोटे नंबर आणि १८०० चे नंबर यांना हात लावणे आजच थांबवावे, त्यासाठी पुढच्या अपडेटची वाट पाहू नये. तुमच्या बाकीच्या ग्राहकांनाही कळवावे, कारण त्यांच्याही यादीत कुठेतरी ॲम्ब्युलन्सचा नंबर असेल आणि तो बिघडल्याचे त्यांना ठाऊक नसेल. यादी परत मिळणार नसेल तर वर्षाची पूर्ण रक्कम परत करावी, शिवाय नंबर पुन्हा गोळा करायला माणूस बसवावा लागेल त्याचा खर्च द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे म्हणून १९१५ हा नंबर यादीत टाकला होता. तुमच्या ॲपने त्यालाही +९१ लावले. हा फोन मी हातानेच लावीन.

कळावे,

आपला ग्राहक,
व्यवस्थापक, मंगल कार्यालय, सातारा

सोबत: अपडेटपूर्वीच्या छापील यादीची छायाप्रत, आताच्या यादीचे स्क्रीनशॉट, प्लॅनची पावती