आई, तोंडातल्या त्या चट्ट्याबद्दल

आई-बाबा,

परवा आई फोनवर सहज बोलून गेली ना, की आजकाल भाजी झोंबते, गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय, हळद लावतेय, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाहीये. फोनवर बोलले असते तर बाबा तुम्ही "काही होत नाही गं" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहून पाठवतेय, दोघं मिळून वाचा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आठवतात ना, आई तुला मेथी निवडू लागल्या होत्या त्या. त्यांना अस्साच चट्टा होता, त्याही तुझ्यासारख्या मिश्रीवाल्या, म्हणजे तंबाखूच ती. आठ महिने अंगावर काढलं त्यांनी. कारण दवाखाना म्हणजे एका दिवसाचं काम नाही, आधी केसपेपर, मग तपासणी, मग चट्ट्याचा तुकडा काढायचा, म्हणजे बायोप्सी, मग रिपोर्ट, म्हणजे चार-पाच खाडे, आणि त्यांच्या चारपैकी दोन घरी खाड्याचे पैसे कापतात. शेवटी दवाखान्यात गेल्या तेव्हा कॅन्सर जबड्यापर्यंत पोचला होता. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, पण पुढे दीड महिना रेडिएशनला रोजची रिक्षा आणि नवऱ्याची बुडालेली मजुरी, ते सगळं व्याजाच्या पैशांवर. आणि आमच्या ऑफिसातला एक जण, गुटखा खायचा, दात साफ करायला गेला तर डॉक्टरांनाच चट्टा दिसला, आठवड्यात बायोप्सी, छोटंसं ऑपरेशन, तीन आठवड्यांनी कामावर, पगार चालूच. आजार तोच हो दोघांना.

मावशी रोज चहात पोळी भिजवून खायच्या, माझ्यासमोर बसून, आणि मी एकदाही विचारलं नाही की असं का. ते मला अजून लागतं.

बाबा, आत्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, नशीब. मला ते पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगाव जाऊन सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला होता, ३० ते ५९ वयाच्या. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट फक्त एकदा झाली आणि दोष निघालेल्यांना उपचार मिळाले, तिथे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने जाणाऱ्या बायका, टेस्ट न झालेल्या गावांच्या मानाने जवळपास निम्म्या. २००९ ला निकाल आला त्याचा. गरिबी तीच, शेत तेच, पाणी तेच, फरक एका टेस्टचा. आत्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, याला नशीब कसं म्हणू? आता तर त्यावरची लस इथे पुण्यात सीरममध्ये बनते, सोनूला मी दिली, आणि मावशींच्या मुलीचं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. या महिन्यात तिलाही नेतेय.

आई घाबरू नकोस, प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, आणि असलाच तर लवकर कळलेला बहुतेक वेळा बरा होतो. पण ते डोळ्याने बघून आपण नाही ठरवायचं, डॉक्टर ठरवतील. आणि आलीच आहेस तर ती पिशवीची टेस्टपण करून घेऊ, बाई डॉक्टर आहेत, लाजायचं नाही.

शनिवारच्या एसटीने निघा, हडपसरला गाडीतळावर उतरा, मी थांबते. रेशनकार्ड, आधार दोन्ही घ्या. कांदा काढायचाय माहितेय बाबा, काकांशी मी बोललेय, ते बघतील चार दिवस. खर्चाचं तोंडातून काढू नका. आणि आई, मिश्रीची डबी पिशवीत टाकू नकोस, घरीच राहू दे.

तुमची,
ताई